व्याही मागे राहिले त्याची हकिगत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण सध्या माझ्या आठ अंगांपैकी जेमतेम निम्मी वाकतात (कंबर कशी लचकली ते पुढे येईलच), तेव्हा बाकीची मनातल्या मनात वाकली आहेत असं समज. तुझा डोळा कसा आहे? पट्टी निघाली का? निघाली नसेल तर तोवर हे पत्र तसंच ठेव, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, भावोजींकडून तर मुळीच नको. भावोजींचा खोकला आता उतरला असावा. तुमच्या मांजरीला पिल्लं झाल्याचं कळलं, बरं वाटलं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायला पेन उचललं आणि हात तिथेच अडला.

तू फोनवर सहलीचं विचारलंस तेव्हा मी "छान झाली, तळं फार सुंदर होतं" एवढंच म्हणून मांजरीकडे वळलो होतो. तळं सुंदर होतं हे खरं आहे. मी ते फार जवळून पाहिलं. बाकीचं मात्र तुझ्यापासून लपवलं, आणि ते लपवणं बरोबर नाही, कारण हे स्थळ तू आणलं होतंस. "माणसं सोन्यासारखी आहेत" असं तू आम्हाला सांगितलंस आणि "आमचा धाकटाही तसा वाईट नाही" असं त्यांना. त्यातलं पहिलं वाक्य शंभर टक्के खरं निघालं. दुसऱ्याबद्दल हे पत्र आहे.

आमची गोगलगाय तू पाहिली आहेसच. (पाठीवर घर घेऊन चालते म्हणून लेकीने लहानपणी ठेवलेलं नाव. वेगही तोच, असं तिची आई म्हणते.) आता ती म्हातारी झाली, पण आत अजून सगळं आहे: दोन माणसं खाली, दोन वर झोपतील अशी फळ्यांची सोय, हात धुवायचं भांडं, एक शेगडी आणि उघडलं की कुणाच्या तरी गुडघ्यावर आदळणारं टेबल. लोक अशा जुन्या मोटारहोमला पेट्रोल पिणारा राक्षस म्हणतात. मला ते झोंबतं. मी आयुष्यभर कवळ्या बनवत आलो. कवळी केसभर जाड झाली तर माणूस जेवू शकत नाही, आणि तो केसभर जाडपणा घासून काढण्यात माझा दिवस जातो. तीच सवय गाडीला लागली. जास्तीचं जे काही असेल ते काढायचं, म्हणजे ॲव्हरेज वाढतं. आधी मागची शिडी काढली. मग जड पडदे काढून पातळ लावले. मग समोर एक छोटं मीटर बसवून घेतलं, त्यात गाडी त्या क्षणाला लिटरला किती धावते ते आकड्यात दिसतं. ते मीटर बसवलं आणि ताई, माझं रस्त्याकडे बघणं संपलं.

लेकीच्या लग्नात जेवायच्या टेबलावर व्याह्यांनी अगदी सहज विचारलं, "जुनी गाडी आहे, ॲव्हरेज काय देते?" ती देते नऊ. चांगल्या रस्त्यावर, मागून वारा असला तर साडेनऊ. माझ्या तोंडून गेलं, "चौदा." का गेलं, ते आजही सांगता येणार नाही. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान, शिसवी कपाटासारखी भारदस्त मूर्ती, भोवती चार माणसं उभी. आपल्याकडेही काहीतरी असावं असं वाटलं असेल. माणूस जावयासमोर बढाई मारतो हे ऐकलं होतं, मी जावयाच्या बापासमोर ॲव्हरेज मारलं. तेही मोठ्या मनाने म्हणाले, "चौदा! वा! एकदा बसून बघायला हवं." झालं. हिने लगेच आमंत्रण दिलं. तळ्याकाठी तंबू ठोकायची, गाड्या लावायची जागा असते तिथे शनिवार-रविवार जायचं ठरलं: ते दोघं, आम्ही दोघं. लेक-जावई कामामुळे येणार नव्हते. (ही एकच गोष्ट त्या सहलीत माझ्या बाजूने घडली.)

निघायच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठून गाडी हलकी करायला घेतली. स्टेपनी काढली. जॅक काढला, कारण स्टेपनी नाही तर जॅक कशाला. पाण्याची टाकी अर्धी रिकामी केली. आपण तळ्यावर जातोय, तिथे पाण्याला काय तोटा, असा त्यामागचा विचार. एवढ्यात व्याही मंडळी आली. दोघांची मिळून एकच मोठी चामड्याची बॅग होती, व्याह्यांनी ती स्वतः उचलून गाडीत ठेवली. ती मंडळी आत चहाला बसली असताना मी ती हातात घेऊन पाहिली. लोखंड भरल्यासारखी जड. मला खरंच वाटलं की एका रात्रीसाठी एवढं काय लागतं, घातलेले कपडे आहेतच की. आणि मी ती बॅग, ताई, आमच्या दारामागे चपलांच्या कपाटाच्या आडोशाला सरकवून ठेवली. चोर निदान बॅग स्वतःसाठी तरी नेतो.

रस्ता सुरुवातीला बरा होता. विहीणबाई मागच्या बाकावर आडव्या झाल्या होत्या, त्यांना गाडी लागते म्हणून त्यांनी गोळी घेतली होती. (तुला ठाऊक आहे, त्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. झोपल्या तरी वॉर्डावर नजर असल्यासारख्या दिसतात.) ही माझ्या शेजारी, व्याही मधल्या खुर्चीत, दोन्ही हात टेबलावर ठेवून मीटरकडे कौतुकाने बघत. मीटर नऊ दाखवत होतं. "गाडी अजून तापायची आहे," मी म्हटलं. मग साडेआठ झालं. "वारा समोरून आहे." व्याही म्हणाले, "असेल, असेल," आणि खिडकीबाहेर बघू लागले, म्हणजे मला अवघडल्यासारखं होऊ नये. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं. पण पुढे डोंगराचा चढ लागला, गोगलगाय धापा टाकू लागली आणि आकडा सहावर आला, पाचावर आला. माझ्या कपाळाला घाम. आणि त्या घामातून मला एक युक्ती सुचली.

मी गाडी बाजूला घेतली आणि म्हणालो, "व्याहीबुवा, इथून दरी काय सुरेख दिसते! जरा पाय मोकळे करता का? वर वळणापाशी आम्ही थांबतो."

त्यांनी माझ्याकडे, मग वरच्या वळणाकडे पाहिलं. मग "तुम्ही म्हणता तर" म्हणून छत्री घेऊन उतरले. त्यांचा गुडघा दुखरा आहे. हे मला माहीत होतं. लग्नात ते स्टेजवर कठडा धरून चढले होते आणि हात मीच दिला होता. आता सांग, आधी हात देणारा आणि मग पाय चालायला लावणारा माणूस एकच कसा असेल? पण होता.

गाडी हलकी झाली आणि चढ चढून गेली. वळणापाशी थांबायचं ठरलं होतं, पण वळण संपताच समोर लांबच लांब उतार, सरळ, गुळगुळीत, आणि खाली टोकाला तळं चमकत होतं. तिथे थांबणं म्हणजे हाती आलेला वेग मातीत घालणं. मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि इंजिन बंद केलं. अशी काही शांतता पसरली, ताई! नुसता वारा आणि चाकांचा आवाज. मीटर दहा झालं, बारा झालं. ही म्हणाली, "अहो, ते मागे राहिले."

"पुढे थांबतो."

"पुढे म्हणजे कुठे?"

चौदा झालं. मग सोळा, वीस, आणि मग आकडेच संपले, नुसत्या आडव्या रेघा दिसू लागल्या, कारण पेट्रोल लागतच नव्हतं. मी तुला खरं ते सांगतो. व्याह्यांना रस्त्यात सोडलं याची लाज वाटतेच, पण त्याहून जास्त लाज याची वाटते की त्या उतारावर मी सुखात होतो. लेकीच्या लग्नात हसलो नसेन एवढा हसत होतो. मागे एक थोर मनाचा माणूस दुखऱ्या गुडघ्याने डोंगर चढतोय हे पार विसरून मी रेघा बघत होतो.

इंजिन बंद असलं की जुन्या गाडीचा ब्रेक एक-दोनदा लागतो आणि मग दगडासारखा घट्ट होतो, हे मला ठाऊक होतं, पण आठवलं तेव्हा तळ्याकाठच्या जागेचं फाटक मागे पडलं होतं. दोन्ही पाय ब्रेकवर ठेवून उभा राहिलो. हँडब्रेक ओढला, तर ओल्या गवतावर चाकं थांबली आणि गाडी घसरतच राहिली. एका कुटुंबाने खुर्च्यांसकट बाजूला उडी मारली. वाळत घातलेला एक टॉवेल आमच्या काचेवर आला. मग खालून 'चुबुक' असा आवाज झाला आणि गोगलगाय तळ्यात शिरून, नंबरप्लेट बुडेल इतकी आत जाऊन, चिखलात रुतून उभी राहिली. माझ्या बुटांत पाणी आलं. मीटरवर अजून रेघाच होत्या.

इथे तरी माणसाने गप्प बसावं. मागचं दार कोरड्या बाजूला होतं. पण मी घाबरून विहीणबाईंना हलवून जागं केलं आणि बाजूचं दार उघडून म्हणालो, "पोचलो, उतरा." त्या झोपेतच उतरल्या. मांडीभर पाण्यात. पाण्यात उभ्या राहून त्यांनी एकदा तळ्याकडे, एकदा गाडीकडे आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता माझं तापमान मोजतील. मग विचारलं, "हे कुठे आहेत?"

"दरी बघतायत," मी म्हटलं.

मी एकटाच गाडी मागे ढकलायला पाण्यात उतरलो, आणि पहिल्याच जोराला कंबरेत कट्कन वाजलं. मग काठावर पालथा पडून राहिलो. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, माझी कंबरही त्यात गेली. आजूबाजूची मंडळी जमली, कुणी हसलं नाही, याचंही वाईट वाटलं. आणि बऱ्याच वेळाने फाटकातून ट्रॅक्टर आला. त्यावर ट्रॅक्टरवाल्याच्या शेजारी, छत्री उघडून, आमचे व्याही बसले होते. उतारावर लंगडत येताना त्याने त्यांना उचललं होतं. त्यांनी सगळा देखावा पाहिला, छत्री मिटली, बूट काढले आणि म्हणाले, "दोर आहे का कुणाकडे?" पुढच्या चाकांच्या आसाला दोर बांधायला तेच कमरेभर पाण्यात गेले. मी काठावरून सूचना देत होतो. (नको होत्या, पण दिल्या. तोंडाला कंबर नसते.)

गाडी निघाली. आता सगळे भिजलेले, आणि कोरडे कपडे शोधायची वेळ आली. विहीणबाईंनी गाडी उलटीपालटी केली. "बॅग कुठाय? तुम्ही ठेवली होतीत ना?" व्याह्यांनी छत्री उघडली, पुन्हा मिटली. "तुम्हाला एक काम सांगितलं होतं, एक! दुकान चालवलंत कसं इतकी वर्षं?" तिथे चारचौघांत त्या त्यांना बोलत होत्या, आणि व्याही खाली मान घालून म्हणाले, "विसरलो खरा." आणि मी, तुझा धाकटा भाऊ, अंगावर घोंगडी घेऊन तिथेच पडलो होतो आणि बोललो नाही. तोंड उघडलं होतं. आवाज आला नाही. दात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

हिचे कपडे विहीणबाईंना येईनात, तेव्हा त्यांनी टेबलाचा कपडा गुंडाळून वर माझा रेनकोट घातला. व्याह्यांना बसेल असा एकच कपडा गाडीत होता: माझा कवळ्यांच्या कारखान्यातला पांढरा डगला, जो मी इंजिन पुसायला ठेवला होता. तो घालून ते खुर्चीत बसले तर पलीकडच्या तंबूतला एक गृहस्थ गाल धरून आला आणि त्यांच्यापुढे तोंड वासून उभा राहिला. व्याह्यांनी त्याला तसाच माझ्या अंथरुणाशी आणला आणि सांगितलं, "मी नव्हे, हे. हे आमचे व्याही. यांच्या हातची कवळी लोक वीस वर्षं वापरतात." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मी पडल्या पडल्या त्या गृहस्थाची दाढ पाहिली आणि मला रडू आलं. त्याला वाटलं दाढेची अवस्था फार वाईट आहे. तो घाबरून गेला.

संध्याकाळी ते दोघं बाहेर चहा घेत बसले होते, मी आत फळीवर, खिडकीच्या पातळ पडद्याला लागून. विहीणबाई म्हणाल्या, "मी तर सुनेला सगळं सांगणार आहे. तिलाही कळू दे."

व्याही हळू म्हणाले, "नाही. पोरीच्या कानावर जाता कामा नये."

"का म्हणून?"

"बॅग मी गाडीत ठेवली होती. कोणी काढली ते मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा बोललो नाही, आता बोलून काय करू? पोरीला तिच्या बापाची लाज वाटली तर ती आपल्या घरात मान वर करून वावरेल का?"

जाड पडदे का काढले, असं मला प्रथमच वाटलं.

सकाळी मी वाकत वाकत त्यांच्यापाशी गेलो. म्हटलं, "व्याहीबुवा, ती बॅग..." त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "तुम्हाला चहात साखर किती?" मी पुन्हा म्हटलं, "नाही, पण ती बॅग मी..." "एक घालतो," म्हणाले, आणि कप हातात दिला. घरी परतल्यावर विहीणबाईंना चपलांच्या कपाटामागे बॅग दिसली. व्याही चटकन पुढे होऊन म्हणाले, "अरे, इथेच राहिली की माझ्याकडून!" आणि उचलून चालू लागले. गुडघा दुखत होता, तरी मला हात लावू दिला नाही.

आता दर रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला जातो, आणि दर रविवारी लेक सर्वांदेखत सांगते, "बाबांच्या गाडीत बसलं की कसं निर्धास्त वाटतं! बाबा फार जपून चालवतात." व्याही सूप ढवळतात. विहीणबाई छताकडे बघतात. मी मीठ मागतो, मीठ समोरच असतं. ताई, मला हे सहन होत नाही. त्या माणसाने माझी अब्रू खिशात घालून ठेवली आहे आणि मला ती परतही मागता येत नाही. तू लहानपणी माझा कान धरायचीस, तेव्हा निदान प्रकरण तिथल्या तिथे मिटायचं.

भावोजींना नमस्कार, पिल्लांना गोंजार, आणि मोठ्या मनाने हे शेवटपर्यंत वाचलंस तर मला फोन करू नकोस, लिहूनच कळव. आवाज ऐकायची हिंमत नाही.

तुझा,
तसा वाईटच निघालेला,
धाकटा

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण राहिलंच. तू लेकीला बोलावून घे आणि हे पत्र तिला वाचून दाखव. मी सांगायला गेलो तर व्याही साखर विचारतील. बॅगेचा भाग गाळू नकोस. चढावर उतरवलं तो भाग जमलं तर जरा हळू आवाजात वाच.

ता. ता. क. त्या सहलीचं एकूण ॲव्हरेज साडेचौदा पडलं. उतार आणि ट्रॅक्टर धरून. कुणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगितलं. पाहा, अजून सुधारलो नाही.

*

ताई, नमस्कार. मी तुमची भावजय. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं आहे. पाकीट चिकटवलेलं नव्हतं, आणि असतं तरी मी उघडलं असतं. लिहिलंय ते सगळं खरं आहे, फक्त कंबर गाडी ढकलताना लचकली नाही. पाण्यात उतरायच्या आधीच, हे मीटर काढून वाचवायला वाकले तेव्हा लचकली.

लेकीला काही वाचून दाखवू नका. तिला परत आलो त्याच संध्याकाळी विहीणबाईंनी सांगितलं. व्याह्यांनी नको म्हणून बजावलं होतं, मग त्यांना कसं राहवणार? पोर आधी पोट धरून हसली, मग थोडी रडली, मग मला फोन करून म्हणाली, "आई, मला माहितीये हे बाबांना कळू देऊ नकोस." रविवारी ती कौतुक करते ते मुद्दाम करते, आणि विहीणबाई छताकडे बघतात त्या हसू आवरायला. एकटे व्याही बिचारे मनापासून गप्प आहेत.

पण खरं सांगू, तेव्हापासून हे माणसात आले आहेत. आम्ही बसलेल्या खोलीतला दिवा विझवत नाहीत. व्याह्यांच्या दुकानाच्या फाटकाच्या बिजागऱ्यांना स्वतः तेल घालून आले. परवा मला विचारलं, "तू दमलीस का?" मी मागे वळून पाहिलं, कुणाला विचारतायत म्हणून. तेव्हा उत्तर जरूर लिहा, आणि चांगलं खरमरीत लिहा. माफ एवढ्यात करू नका. पुढच्या महिन्यात यांच्याकडून घराला रंग लावून घ्यायचा आहे, तो होईपर्यंत तरी नकोच.